कावळ्याचं पान

बिन महमूद, दोहा
१२ नोव्हेंबर २०२४

भैरवी,

कोल्हापुरात आता पहाटे गारवा सुटला असेल. पांघरुणात बसून वाचत असशील तर तुला आशीर्वाद, आणि पाकीट न उघडता कपाटात टाकणार असशील तर त्या कपाटालाही आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. वलीचा पुतण्या रत्नागिरीला निघालाय, तो तिथून हे पत्र पोस्टात टाकेल. वली आठवतो ना? मेसईदला खताच्या कारखान्यात माझ्याबरोबर शिफ्टला असायचा, तुला खांद्यावर बसवून बंदरातली जहाजं दाखवायचा. आता अल मुंतझाला मुलाच्या किराणा दुकानात बसून गिऱ्हाइकांना उपदेश करतो. तुला उत्तर पाठवायचं झालंच तर त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. इथल्या घरी नको.

घर बरं आहे. म्हणजे एसी चालू आहे आणि जेवण वेळेवर मिळतं. हॉलमध्ये आईचा फोटो लावलाय, त्याखाली विजेची समई. ती रिमोटवर पेटते. ज्योत हलल्यासारखी दिसावी अशी काहीतरी सोय तिच्यात केलेली आहे. मला ती ज्योत बघवत नाही. आणि अभिजितने नवीन धरलंय, 'आई बघतेय.' ईराने भाजी टाकली, आई बघतेय. तेजश्रीने ऑफिसातून यायला उशीर केला, आई बघतेय. परवा ईराने डोळे मोठे करून विचारलं, "ग्रँडपा, इव्हन इन द बाथरूम?" मी हसलो. अभिजितने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच पोरीला पढवलंय.

मी त्याला म्हटलं, दिवाळी झाली, आता भैरवीकडे जाऊन राहतो. जमलं तर तिथेच राहीन. तर म्हणाला, "आईला आवडणार नाही, बाबा."

आवडणार नाही! बाई जुलैत गेली. इथून देवरुखला नेऊन आपण तिला अग्नी दिला, तू समोर होतीस. आणि हा तिच्या आवडीनिवडी भविष्यकाळात सांगतोय. जिवंत होती तेव्हा तिला साधं 'चहा घेणार का' विचारायचं याच्या लक्षात राहत नसे.

असो. दहाव्याला तू नव्हतीस. सगळं व्यवस्थित झालं, कावळा शिवला. त्याची काळजी करू नकोस.

शाळेतल्या कविता हल्ली फार आठवतात. पहिल्या ओळी येतात, पुढचं उन्हात विरून जातं. मास्तर छडीने ताल धरायचे, तो ताल तेवढा राहिलाय.

बाबा

०

१९ जानेवारी २०२५

भैरवी,

तुझी चिठ्ठी वलीने तेलाच्या डब्यामागे जपून ठेवली होती. त्याने ती मला दिली आणि पाठ फिरवून उभा राहिला, मी वाचेपर्यंत. एवढ्या लांबून आली आणि आत एकच ओळ. 'मावशी सांगते की कावळ्याने माझ्यावर शिक्का मारला, हे खरं का?'

मावशीपर्यंत पोचलं म्हणजे सगळीकडे पोचलं. मग माझ्याकडूनच ऐक.

अभिजितला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही अग्नी देऊन तिसऱ्याच दिवशी परतलो. संगमेश्वरचे गुरुजी म्हणाले, जिथे असाल तिथे पाण्याजवळ करा, मी व्हिडिओवर सांगतो. अभिजितने मेसईदची किनारपट्टी निवडली. बंदराजवळ कावळे असतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आणि आईलाही ती जागा आवडायची. लग्नानंतर तिला इथे आणलं तेव्हा तिथेच मी तिला माझी कविता म्हणून दाखवली होती:

खाडीवरती ऊन उतरते, होडी घरास जाते,
तिच्या शिडाच्या सावलीतुनी सांज हळूच गाते.

ती म्हणाली, "होडी कुठेय? तो टँकर आहे. आणि ही खाडी नव्हे, समुद्र आहे. डोळे तपासून घ्या." चाळीस वर्षं तिने मला हेच सांगितलं.

तर तिथे. जुलैचा महिना, सकाळीच अंगाला कपडे चिकटलेले. कुणी हटकू नये म्हणून सहलीला आल्यासारखं दिसायचं होतं. घडीच्या खुर्च्या, आइसबॉक्स, रंगीत छत्री. अभिजितचं डोकं भादरलेलं, त्यावर कॅप. आणि वाळूत पत्रावळीवर तुझ्या आईच्या नावाचा भात. तूप वितळून पानाबाहेर आलेलं, त्यात वाळू, मुंग्या कुठून आल्या देव जाणे. तिच्या हातचा भात कसा असायचा, शितं मोकळी, वर लिंबाची फोड. मेल्यावर बाईने हे खायचं?

कावळे होते. लांब कुंपणावर बसून बघत होते. येईना एकही.

मग सुरू झालं. तुला माहीतच आहे, कावळा अडला की लोक इच्छा ओळखायला लागतात. गुरुजी फोनमधून म्हणाले, "काही राहिलंय का बघा, मनात काही अडकलंय." तेजश्री म्हणाली, "आई, ईराची मुंज नाही पण नाच शिकवू तिला, अरंगेत्रम करू." कावळा नाही. अभिजित म्हणाला, "आई, बाबांची काळजी घेऊ." कावळा नाही. मला जरा बरंच वाटलं, खरं सांगतो. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववा, शास्त्रात सोय आहे." दर्भ आणलेला नव्हता. चार्जिंग संपत आलेलं. अभिजितचा चेहरा लाल झाला. आणि मग तो गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आई, भैरवीने तुझं जे केलं ते आम्ही विसरणार नाही. तिला या घरात पाऊल ठेवू देणार नाही. बाबाही तिच्याकडे जाणार नाहीत. शब्द देतो."

आणि शिवला.

"शिवला! शिवला!" करून तो रडला. गुरुजी म्हणाले, "तृप्त झाल्या."

तो अजून तेच घोकतो, की तू आईला 'हे बरं होणार नाही' असं सांगितलंस आणि त्या दुपारी तिने पुढची औषधं नको म्हटली, तिथेच तिने जगणं सोडलं. आम्ही सगळे तिला 'अशक्तपणा आहे, प्रोटीन घे' म्हणत होतो. तू एकटीने खरं सांगितलंस.

मला किळस आली, भैरवी. पक्ष्याची नाही. मेलेल्या बाईला साक्षीला उभं करून तिच्या तोंडून स्वतःचा राग वदवून घेतला, त्याची. ती जिवंतपणी लेकीवर रागावली असती तर तोंडावर रागावली असती. रत्नप्रभा काय, आणि निरोप पाठवायला पक्षी काय!

बाबा

०

६ एप्रिल २०२५

भैरवी,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. आधी वलीचं सांगतो, मग ती.

शुक्रवारी वलीबरोबर त्यांच्या कब्रस्तानात गेलो होतो. नफिसाभाभी करोनात गेली, ती इथेच. ओळीने मातीचे उंचवटे, एकसारखे दगड, नाव शोधावं लागतं. मी फाटकाशी थांबलो. तो आत गेला, सलाम केला, काहीतरी बोलला. परत येताना पाहतो तर चपला हातात. तापलेल्या वाळूतून म्हातारा अनवाणी टुणटुणत येतोय.

"काय रे, पाय भाजून घ्यायचा नवस आहे का?"

"आमच्यात म्हणतात, माणसं परत निघाली की त्यांच्या पावलांचा आवाज कबरीतल्याला ऐकू जातो. म्हटलं, मी निघालो हे तिला कळायला नको."

"म्हणजे ती जागी आहे?"

"मला काय माहीत, अनंतराव? मौलवीसाब एक सांगतात, माझा मुलगा मोबाइलवर बघून दुसरंच सांगतो. दोघांना बोलू देतो. मी आपला चपला काढतो."

"आणि तिने एखाद्या दिवशी जबाब दिला तर?"

"तर मी पळत सुटेन, तुला मागे टाकून." असं म्हणून तो गाडीत बसला आणि तळपायांवर पाण्याची बाटली ओतत राहिला.

मला वलीचाही राग आला, खोटं कशाला बोलू. कारण मला वाटतं, तिने झोपलेलं असावं. गाढ. दुपारी जेवणं उरकल्यावर फरशीवर पदर पसरून झोपायची तशी. आत्मा कपडे बदलतो म्हणतात, मग जुने कपडे टाकून निघालेला माणूस दारात घुटमळून लेकीची चूक काढत बसेल का? आणि जागी असेलच, सगळं बघत-ऐकत असेल, तर भुकेली, बोलता न येणारी, आणि वर हे लोक तिला प्रश्न विचारतात. याच्यापेक्षा वाईट काय होऊ शकतं एखाद्या बाईचं? हा विचार मनात आला की जेवण जात नाही.

पण मग स्वयंपाकघरात एकटा असलो की मीच बोलतो तिच्याशी. "मीठ कुठे ठेवलं यांनी?" वगैरे. तिथे माझी अक्कल जाते कुठे, ते विचारू नकोस.

आता ती गोष्ट. मेसईदला त्या दिवशी कावळा शिवला नव्हता. साळुंकी होती.

इथे साळुंक्या माजल्यात. त्या दिवशी पहिल्यापासून त्या भाताभोवती नाचत होत्या आणि तेजश्री टॉवेलने हाकलत होती. गुरुजींनी सांगितलंच होतं, साळुंकी चालत नाही. अभिजित गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले आणि तुझं नाव घेतलं, तेव्हा तेजश्री दचकली. टॉवेल तिच्या हातातच राहिला. तेवढ्यात पिवळ्या चोचीची एक साळुंकी आली, भात उचलला आणि गेली. अभिजितने डोळे उघडले तेव्हा शितं विखुरलेली होती. फोनमधल्या गुरुजींना वाळूशिवाय काही दिसत नव्हतं. तेजश्रीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. नवऱ्याचा रडण्याचा बांध फुटलेला, त्यात कोण सांगणार, की अहो, तुमची आई नव्हे, साळुंकी होती ती?

तर तो शिक्का खोटा आहे. शास्त्रानेच खोटा आहे. हे मी आता अभिजितला सांगणार आणि तुझ्याकडे येणार.

बाबा

०

१६ सप्टेंबर २०२५

भैरवी,

तुझं मेमधलं पत्र मी चार महिने खिशात घेऊन फिरलो. तू लिहिलंस, 'म्हणजे बाबा, कावळा असता तर ते खरं झालं असतं?'

बरोबर पकडलंस. मी साळुंकीच्या आडोशाला उभा राहून तुझी बाजू घेत होतो. अभिजितला मी ते सांगितलं होतं, तर तो शांतपणे म्हणाला, "तेव्हा साळुंकी असेल. मग पुन्हा विचारू. नवमीला." त्याच्या मैदानात मीच उतरलो होतो ना!

काल अविधवा नवमी होती. तुझी आई माझ्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून तिची नवमी. हा मान मला कधी कळला नाही. नवरा मागे उरला हा बाईचा काय पराक्रम? पण असो. तेजश्रीने रजा घेऊन स्वयंपाक केला, फार चांगला केला: वडे, खीर, अळूची भाजी. अभिजितच्या ऑफिसातला सुशांत आणि त्याची बायको आले होते. ती सवाष्ण म्हणून जेवायला. गुरुजी टीव्हीच्या मोठ्या स्क्रीनवर. संगमेश्वरला त्यांच्या मागे कोंबडा आरवत होता.

बाल्कनीत एसीच्या खोक्यावर कावळ्याचं पान ठेवलं. तेव्हा अभिजित सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबांना भैरवीकडे जायचंय. मी अडवणारा कोण? आज आईलाच विचारू. आई, बाबांनी जावं असं वाटत असेल तर शिव. नसेल तर नको शिवू." आणि माझ्याकडे वळून, "फेअर आहे ना, बाबा? या वेळी साळुंकी नाही, मी स्वतः बघणार."

सुशांत म्हणाला, "काका, एकदम ट्रान्स्परंट!" त्याला काही ठाऊक नाही. बरा मुलगा आहे.

बिन महमूदच्या सहाव्या मजल्यावर, भर दुपारी, कोण कावळा येणार? हे अभिजितला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पानातले वडे कडक झाले. खिरीवर साय धरली आणि सायीवर धूळ. ईरा आत येऊन विचारून गेली, "इज ग्रँडमा लेट?"

आणि मग समोरच्या इमारतीच्या डिशवर एक आला. खरा कावळा, राखाडी मानेचा. मान तिरकी करून बघायला लागला. आणि भैरवी, मी काय केलं सांगू? मी मनात म्हणायला लागलो, ये रे बाबा, ये. फक्त एकदा चोच लाव. ये, माझ्या राजा. ओठ हलत होते माझे. पंच्याहत्तरी ओलांडलेला मी, तीस वर्षं अमोनियाच्या टाक्यांचे आकडे चुकू न दिलेला माणूस, माझ्या पोटच्या लेकीकडे जायला एका पक्ष्याच्या विनवण्या करत होतो. इतकी शिसारी मला त्या वाळूतल्या भाताचीसुद्धा आली नव्हती.

मी उठलो. बाल्कनीत गेलो, पान उचललं. वड्याचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि खाल्ला.

"बाबा! ते कावळ्याचं आहे!" तेजश्री ओरडली.

"माहीत आहे. मीठ कमी आहे थोडं."

सुशांतच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. स्क्रीनवरचे गुरुजी "हॅलो, हॅलो, काय झालं?" करत होते. मी अळूची भाजी खाल्ली. धुळीसकट खाल्ली. चव नव्हती, पण मी पान पुसून घेतलं.

अभिजित बाल्कनीच्या दारात आला. "आईचा घास खाल्लात तुम्ही."

मी म्हटलं, "अभिजित, तिला भूक लागत नसेल तर हा घास तिचा नाहीच. आणि लागत असेल, ती इथे जागी उभी असेल, तर वर्षभर उपाशी बाईला तू प्रश्न विचारतोयस, आधी जेवू घालायचं सोडून. दोन्हीतलं तुला कुठलं हवंय ते ठरव. पण मी भैरवीकडे जाणार ते तुझ्या आईला विचारून नाही, आणि ती नको म्हणाली तरी जाणार. जिवंत असतानाही मी तिचं सगळं ऐकत नव्हतो."

त्याने ईराला आत नेलं, पाहुण्यांना हात जोडले. सुशांत दाराशी हळूच म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?" टीव्ही बंद झाला. मग अभिजित माझ्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी पाढे म्हणायला बसायचा तसा.

"ती नसेलच कुठे, तर मग मी काय करू, बाबा?"

"म्हणजे?"

"महिनाभर मी इथेच तिच्या उशाशी बसून खोटं बोललो. रिपोर्ट छान आहेत, आई. दिवाळीला देवरुखला जाऊ, आई. ती हसायची. तिला माहीत होतं का, मला अजून कळत नाही. भैरवीने येऊन एका दुपारी सांगितलं आणि शेवटचे दिवस आई भैरवीशीच बोलली. माझ्याशी नाही. ती ऐकत नसेल तर मी माफी कुणाची मागू?"

भैरवी, वर्षभर ज्या मुलाची मला किळस येत होती, तो हा. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हाताला खीर लागली होती.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. तू सांगून गेलीस त्या दुपारी रत्नप्रभा माझ्याशी काय बोलली ते. म्हणाली, "मला कधीचं माहीत होतं. अभिजितला सांगू नका. बिचारा रोज नवीन गोष्ट रचून आणतो, त्याचा विरस होईल." आणि मग म्हणाली, "तो प्रोटीनचा डबा तेवढा फेकून द्या, त्याला घोड्याचा वास येतो."

अभिजित हसला. मग जे रडला ते मी लिहीत नाही. मेसईदचं रडणं वेगळं होतं, एवढंच सांगतो.

उठताना म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तिने नको सांगितलं होतं. आणि तू मला कधी विचारलंस? तू कावळ्यांना विचारत होतास."

तो अजून तुझ्यावर रागावलेला आहे. घरात घेईन म्हणालेला नाही. समई आजही पेटवली त्याने. मी त्याला बदलू शकलो असं समजू नकोस. पण आज सकाळी माझा पासपोर्ट त्याने स्वतःच्या कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि ऑफिसला गेला. तिकीट वली बघतोय, गोव्यापर्यंत विमान, पुढे गाडी. पोट कालपासून बिघडलंय, ते बरं झालं की निघतो.

तू मला दारात विचारशील, की आई काही म्हणाली का माझ्याबद्दल, नंतर, त्या सगळ्यात? काही नाही म्हणाली. मेलेली माणसं काय म्हणतात ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्या घरात मी वर्षभर राहिलोय. मी आईचा निरोप घेऊन येत नाहीये. मला तुझ्याकडे राहायचंय, म्हणून येतोय.

बाबा